अक्षरांच्या लाकडी पाटीतून मूल अक्षर शिकतं, की नुसती खाच?

शाहूपुरी_बालवर्ग
कोल्हापुरात महाद्वार रोडवर जा नाहीतर ऑनलाइन बघा, सगळीकडे तीच पाटी. लाकडी तळ, त्यात अ ते ज्ञ कोरलेल्या खाचा आणि खाचेत बसणारी अक्षरं. मूल पंधरा दिवसांत पाटी भरायला लागलं की घरचे म्हणतात, मुळाक्षरं आली. माझं मत स्पष्ट आहे: आली नाहीत. मूल फक्त कड जुळवतंय.

ब आणि व हे दोन तुकडे शेजारी ठेवून बघा. बाहेरची कड एकच, फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. त्यामुळे ब हा 'व'च्या खाचेत बिनदिक्कत बसतो. प आणि ष यांचंही तेच. नेमकं जिथं मुलाचं लक्ष जायला हवं, तिथं खाच गप्प. शिवाय तुकडा बसवताना आवाज काढायची गरजच पडत नाही, आणि आवाजाशिवाय अक्षर म्हणजे नुसतं नक्षीकाम. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी ही पाटी घेऊच नये, असं माझं म्हणणं.

राजारामपुरी_ताई
घेऊच नये हे पटत नाही. अडीच-तीन वर्षांचं मूल चिमटीत तुकडा धरतं, फिरवून बघतं, चुकलं तर कुणी न सांगता स्वतः काढतं. ही हाताची आणि डोळ्याची तयारी आहे, आणि पुढं पेन्सिल धरताना ती उपयोगी पडते. चूक पाटीची नाही, ५० तुकडे एकदम ओतून देणाऱ्यांची आहे.

एका वेळी चारच अक्षरं बाहेर काढा, बाकीच्या खाचा पुठ्ठ्यानं झाका. मग माँटेसरीतले तीन टप्पे. आधी "हा क, हा म." मग "क कुठाय? मला दे." शेवटी बोट ठेवून "हे काय?" तिसऱ्या टप्प्यात अडलं तर रागवायचं नाही, दुसऱ्यावर परत यायचं. आणि म, भ एकाच दिवशी द्यायचे नाहीत. घ, ध नाही, थ, य नाही. सारखी दिसणारी अक्षरं आठवडाभराच्या अंतरानं.

उद्यमनगर_कटिंग
बनवणाऱ्याच्या बाजूनं थोडं. ३ मिमी एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ग आणि ण हमखास तुटतात, कारण त्यांचे दोन भाग फक्त शिरोरेघेनं जोडलेले असतात. ६ मिमी प्लाय घ्या आणि ६ सेमी उंचीच्या अक्षराला शिरोरेघ किमान ८ मिमी रुंद ठेवा. खाच सगळीकडून अर्धा ते पाऊण मिमी मोठी हवी. घट्ट केली तर जुलैत आपल्याकडच्या दमट हवेत एमडीएफ फुगतं, तुकडा अडकतो आणि मूल तो उपसताना वरची धरायची मूठच उपटतं. मूठ नुसती चिकटवू नका, मागून स्क्रू मारा.

अनुस्वाराचा सुटा ठिपका तर देऊच नका. लहान तुकडा मोजायच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिमी असतो. त्यात जे अख्खं मावतं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. चुंबकाची अक्षरं त्याहून धोक्याची. दोन चुंबक पोटात गेले की आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना ओढतात. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती बघूनच घ्या.

रंकाळा_काठ
एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. बरेच संच हिंदी फाइलवरून कापलेले असतात, त्यात ळ नसतोच. गूळ, मिसळ, पन्हाळा, रंकाळा बोलणाऱ्या गावातल्या पोराला ळ नसलेली वर्णमाला द्यायची? घेताना आधी ळ शोधा, मग ल आणि श यांचं वळण मराठी आहे का ते बघा.

चित्रांचंही तसंच. "ग गणपतीचा" एकाच चित्रावर घोकलं की चित्र काढल्यावर ग ओळखू येत नाही. एका अक्षराला तीन-चार चित्रं हवीत: क साठी कप, कणीस, कढई, कळशी. 'च'ला चाक आणि चहा एकत्र देऊ नका, तिथं 'च'चे उच्चारच वेगळे आहेत. आणि ळ, ण शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून त्यांना 'शेवटचा आवाज कुठला?' असा खेळ लावा: माळ, केळ, बाण.

शाहूपुरी_बालवर्ग
ताई, झाकलेल्या खाचा आणि तीन टप्पे मान्य. पण मग खाच हवीच कशाला? चौकोनी ठोकळे करा. ५ सेमी रुंद, ७ सेमी उंच, अक्षर छापलेलं, शिरोरेघ सगळ्यांवर वरून २ सेमीवर आणि दोन्ही कडांपर्यंत नेलेली. दोन ठोकळे चिकटून ठेवले की रेघ जुळते आणि शब्द दिसतो. खालचा उजवा कोपरा कापा, म्हणजे उलटा लागला की लगेच कळतं. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर कान, नाक, मका, काम, लाल, कमल होतात. पाटीतून एक शब्द तरी होतो का?

राजारामपुरी_ताई
शब्द साडेचार वर्षांनंतर. तीन वर्षांच्या मुलाला शब्द जोडायचा नसतो, हात फिरवायचा असतो. त्यासाठी पुठ्ठ्यावर फेविकॉलनं अक्षर काढून वर चाळलेली वाळू पसरा. रवा नको, पावसाळ्यात त्याला किडे लागतात. दोन बोटं लिहायच्या दिशेनं फिरवायची, शिरोरेघ शेवटी, आणि बोट फिरत असतानाच आवाज. पाटी त्याच्या आधीची पायरी आहे, तुम्ही ती काढून टाकायला निघालात.

शाहूपुरी_बालवर्ग
वाळूचं अक्षर घेतलं की तुम्ही माझ्याच बाजूला आलात, कारण तिथं पोटातली तिरकी रेघ बोटाला लागते. पाटीत लागत नाही.

उद्यमनगर_कटिंग
तशी पाटी करता येते. अक्षराची खाच न करता सगळे तुकडे एकाच मापाचे आयत, वर अक्षर दीड मिमी खोल कोरलेलं आणि खाचेच्या तळाशी तेच अक्षर छापलेलं. मग ब कुठं जातो ते पोटातली रेघ बघूनच ठरवावं लागतं. एकच सांगतो, कोरलेल्या भागात रंग भरू नका. रंगानं खळगा भरतो आणि बोटाला काही लागत नाही.

राजारामपुरी_ताई
ठोकळ्यांच्या खेळात पहिली वेलांटी मात्र उशिरा आणा. ती बोलायची अक्षरानंतर आणि लावायची आधी, त्यामुळे 'किती' लावताना मूल वेलांटी 'क'च्या उजवीकडं ठेवतं. काना, मात्रा, दुसरी वेलांटी, उकार झाल्यावरच ती शिकवा, आणि ती सुटी न देता 'कि', 'मि' असा जोडलेलाच ठोकळा द्या.