मदत हवी आहे : थरोब्रेड घोडीसाठी नर कुठला निवडावा? (इव्हेंटिंग, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि उड्या अशी घोडेस्वारीची तिहेरी स्पर्धा)

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत, व्हेर्डनजवळ राहते. म्हणजे हॅनोव्हेरियन घोड्यांच्या माहेरघरातच. शर्यतीतून निवृत्त झालेली माझी थरोब्रेड (शर्यतीसाठीच पैदास केलेली जात) घोडी येत्या हंगामात फळवायची आहे आणि नरांच्या याद्या वाचून डोक्याचा भुगा झालाय.

घोडी बारा वर्षांची, उंची १६३ सेंमी, अजून एकदाही व्यालेली नाही. पाय निरोगी. कॅन्टर (मध्यम वेगाची धाव) इतका छान की वर बसणाऱ्याने फक्त गप्प बसावं. दुडकी मात्र जमिनीला घासून, गुडघा उचलणं ठाऊकच नाही. हाड बारीक, पुढचे खूर चपटे आणि कडा पातळ. नालबंद दर खेपेला खिळा ठोकायला जागा शोधत कुरकुरतो. स्वभाव गोड, पण वाऱ्यावर पिशवी उडाली की आधी उडी, मग विचार.

शिंगरू विकायचं नाही, पुढे लेकीला इव्हेंटिंगच्या खालच्या वर्गांत चालवायचंय.

इथे जो तो सांगतो, ‘इव्हेंटिंगला रक्त हवं’, म्हणजे थरोब्रेडचा वाटा जास्त हवा. जर्मन इव्हेंटिंग स्वार मिशाएल युंगचा घोडा सॅम (२०१२ आणि २०१६ चं ऑलिंपिक सुवर्ण) बापाकडून थरोब्रेड आणि आईचा बापही थरोब्रेड. कबूल. पण माझी घोडी पूर्ण थरोब्रेड आहे. नरात ४० टक्के रक्त असलं तरी शिंगरात ७० होणार! अजून कशाला ओतायचं? म्हणून मला वाटतं, रक्त घोडी देईल, नराने हाड, खूर आणि डोक्याची शांती द्यावी. कॉन्टेंड्रोच्या वंशातला एखादा नर मनात आहे. युंगच्याच चिपमंकचा (पॅरिस २०२४ चं सुवर्ण) बाप कॉन्टेंड्रो १, आणि आईचा बाप हेराल्डिक हा थरोब्रेड. शेजारचे आजोबा मात्र म्हणतात, चांगला जाडजूड, उड्यांचा घोडा घाल, हाड आपोआप येईल.

तर, आजोबांचं ऐकावं का? आणि गोठवलेलं वीर्य की थंड करून पाठवलेलं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आजोबांचं ऐकू नका. टोकाचे दोघे एकत्र आणले की मधलं काही निघेलच असं नाही. बापाचं जड धड आणि आईचे बारीक पाय असं शिंगरूही निघतं, आणि मग ते पाय टिकत नाहीत. मध्यम बांध्याचा, खूर चांगले असलेला नर बघा. त्याचा स्वतःचा व्हिडिओ फार बघत बसू नका, त्यात सगळेच राजबिंडे दिसतात. *थरोब्रेड माद्यांपासून* झालेली त्याची शिंगरं दाखवा म्हणावं. गुडघा उचलतात का, नवख्या माणसाला पाठीवर घेतात का, ते तिथे कळेल.

वीर्य थंड केलेलंच घ्या. घोडी बारा वर्षांची आणि पहिलटकरीण. गोठवलेलं वीर्य आत गेल्यावर फार काळ टिकत नाही, अंडं सुटायच्या वेळेशी अगदी जुळवावं लागतं, डॉक्टर रात्री-अपरात्री सोनोग्राफीला येणार. तुम्ही तर नरांच्या दारातच राहता. आणि हंगामाआधी गर्भाशयाची तपासणी कराच.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक भर : नर डब्ल्यूएफएफएसचा (शिंगरांना होणारा एक जीवघेणा आनुवंशिक आजार) वाहक आहे का ते विचारा. असला तर बाद करायची गरज नाही, घोडीचे केस मुळासकट उपटून चाचणीला पाठवा. थरोब्रेडमध्येही वाहक सापडलेत. दोन्ही वाहक असतील तर चारात एक शिंगरू दगावण्याचा धोका. आणि हॅनोव्हेरियन कागद हवे असतील तर आधी घोडीची नोंदणी करून घ्या, नरालाही तिथली मान्यता लागते.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार! केसांची चाचणी या आठवड्यातच पाठवते. नोंदणीसाठी घोडी दाखवायला नेताना ती नालाशिवाय न्यावी की नाल ठोकून? अनुभव असेल तर सांगा, नालबंदाची वेळ घ्यायचीय.