मदत हवी आहे: जपान आणि न्यूझीलंडमधल्या लागवडीच्या जंगलांची तुलना कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

माणसाने लावलेलं जंगल १९९० ते २०२० या काळात जपान आणि न्यूझीलंडमध्ये कसकसं बदललं, यावर लेख लिहितेय. आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या जागतिक वन आढाव्यातले आहेत. लेख बराचसा झालाय, पण आलेखापाशी दोन दिवस अडून बसलेय.

जपानमध्ये असं जंगल १ कोटी हेक्टरच्या जरासं वर आहे आणि तीस वर्षांत रेष जवळजवळ आडवीच. न्यूझीलंड १५ लाखांच्या आसपासून २१ लाखांच्या आसपास गेलं. दोन्ही एकाच अक्षावर ठेवले की न्यूझीलंड तळाला चिकटतं. १९९० चा आकडा १०० धरून काढलं तर न्यूझीलंड झेप घेताना दिसतं आणि जपानने तीस वर्षं काहीच केलं नाही असं वाटतं. हे मला अजिबात पटत नाही. महायुद्धाच्या काळात बोडके झालेले डोंगर जपानने सुगी आणि हिनोकी ही तिथली सूचिपर्णी झाडं लावून पुन्हा हिरवे केले. ती मेहनत १९९० च्या आधीच उरकली होती, म्हणून माझ्या आलेखात ती येतच नाही.

मागचा काळ दाखवावा म्हणून जुन्या आढाव्यातले आकडे जोडून पाहिले, तर न्यूझीलंडच्या रेषेत मधेच उडी आली. ही लागवड खरी की मोजणीचा फरक?

आणखी एक. न्यूझीलंडमध्ये रेडिआटा पाइन (लाकडासाठी लावतात ते झाड) साधारण २८ वर्षांनी तोडतात. तोडून मोकळी झालेली जमीन जंगलात धरतात का?

प्रतिसाद १

उडी मोजणीची असणार. २००० च्या आढाव्यात फक्त वृक्षमळे मोजले होते, २०१० पासून ‘लागवडीचं वन’ हा त्याहून मोठा गट धरला. शिवाय प्रत्येक नव्या आढाव्यात देश मागच्या वर्षांचे आकडेही सुधारून देतात. त्यामुळे दोन आढाव्यांतले आकडे एका रेषेत कधीच जोडू नका. सगळी वर्षं एकाच, शक्यतो ताज्या आढाव्यातून घ्या.

तोडलेली जमीन पुन्हा झाडांखाली येणार असेल तर ती जंगलच धरतात. म्हणजे क्षेत्राचा आकडा ‘इथे आज झाडं उभी आहेत’ असं सांगत नाही.

आलेख दोन वेगळ्या चौकटींत काढा, वर्षांचा अक्ष तोच ठेवा. न्यूझीलंडचे फक्त १९९० आणि २०२० हे दोन बिंदू जोडलेत तर चित्र चुकेल. तिथली वाढ मुख्यतः १९९० च्या दशकातली आहे, १९९४ या एकाच वर्षात ९० हजार हेक्टरहून जास्त नवी लागवड झाली. पुढे दुग्धव्यवसायासाठी काही पाइनची जमीन कुरणाखाली गेली.

जपानसाठी हेक्टर सोडा, लाकडाचा उभा साठा, म्हणजे उभ्या झाडांत किती घनमीटर लाकूड आहे ते घ्या. १९६६ ते २०१७ मध्ये तिथल्या लावलेल्या जंगलातला साठा साधारण सहापट झाला, क्षेत्र मात्र एक तृतीयांशानेही वाढलं नाही. तुम्हाला हवी असलेली मेहनत तिथे दिसेल.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. साठ्याचं सुचलंच नव्हतं. आता जुने आकडे काढून टाकते आणि दोन चौकटी करते.

एक विचारू? जपानच्या लावलेल्या जंगलाचा निम्म्याहून अधिक भाग पन्नाशी ओलांडलेला आहे, आणि न्यूझीलंडमध्ये तिशीच्या आतच तोडणी होते. मग साठ्याच्या आलेखाशेजारी दोन्ही देशांतल्या झाडांचे वयोगट ठेवले तर वाचकाला जास्त कळेल, की गर्दी होईल? कुणी असं करून पाहिलं असेल तर वयोगट किती वर्षांचे धरले तेही सांगा.