भिगवणला उडत्या पक्ष्यांचे फोटो ब्लर येतायत, सेटिंग काय ठेवू?

नवाभिडू: रविवारी उजनीच्या पाण्यावर भिगवणला गेलेलो, नावेतून सुरय आणि कुरव हे पाणपक्षी मस्त जवळून उडत होते पण चारशेपैकी जेमतेम सहा फोटो बरे आलेत. ७०-३०० लेन्स, शटर १/५०० सेकंद, सिंगल फोकस. काय चुकतंय?

पाणकावळा: अरे १/५०० मध्ये पंख हलणारच, त्यात नाव डुलते ती वेगळीच. सुरयला १/२५०० ठेव, रोहितला (फ्लेमिंगो) १/१६०० पुरतं. मॅन्युअल मोड, एफ ५.६ (लेन्सचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, आणि फोकस कंटिन्युअस कर आधी, सिंगलवर पक्षी पुढे जातो नि फोकस मागेच राहतो. आयएसओ १६०० गेला तरी घाबरू नको, नॉइज (फोटोतले दाणे) काढता येतो, हललेला फोटो नाही.

रानवाट: +१. आकाश मागे असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ कर नाहीतर पक्षी काळाठिक्कर येतो, पण पांढरा बगळा गडद पाण्यावर असला की उलट, −०.७, नाहीतर पिसं पार धुऊन निघतात.

पाणकावळा: आणि वारा बघ. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणजे वारा पाठीवर घेऊन बसलास की ते तुझ्याच दिशेने उठणार. रोहित तर उडण्याआधी पाण्यावर चार पावलं धावतो, तेव्हाच बर्स्ट (सलग फोटो) दाब. फक्त नावाड्याला थवा उठवायला सांगू नकोस, प्लीज.

नवाभिडू: कंटिन्युअस फोकस सापडला, मेन्यूत होता 😅 आज गच्चीवर घारींवर प्रॅक्टिस.