फेअरवे वुड कुठला घ्यावा? (हँडिकॅप २८, म्हणजे अजून कच्चाच; बजेट १२ हजार)

शेंडापार्ककर:
नमस्कार मंडळी. वय ४७, गोल्फचं वेड उशिरा लागलं. कामानिमित्त महिन्यातून दोनदा पुण्याला जातो तेव्हा येरवड्याच्या कोर्सवर मित्राचा पाहुणा म्हणून खेळतो. बाकी दिवस मळ्यात नेट बांधून ठोकाठोकी. सेटसोबत आलेला तीन वुड (लांब फटक्याचा, मोठ्या डोक्याचा क्लब) टीवरून, म्हणजे खुंटीवर ठेवलेला बॉल मारताना, बरा जातो, पण गवतावरून मारला की बॉल सरपटत तरी जातो, नाहीतर उजवीकडच्या झाडीत. चुका पोटात घालणारा एखादा वुड सुचवा. बजेट १२ हजार, वर एक रुपया नाही. घरी आकडा सांगून बसलोय.

पंचगंगेचा_पूर:
पिंग जी४३० मॅक्स, डोळे झाकून. माझा पाच नंबर मेव्हण्यानं दुबईहून आणला. किंमत विचारू नकोस.

शेंडापार्ककर:
दादा, बजेट १२.

पंचगंगेचा_पूर:
वाचलं की. एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं.

वाळूचा_साचा:
शिरोलीत फाउंड्री आहे माझी, म्हणून बोलतो. ब्रँड सोडा, हेडचं वजन कुठं ठेवलंय ते बघा. बॉलचा व्यास ४२.६७ मिमी, म्हणजे कडक जमिनीवर त्याचं केंद्र जेमतेम २१ मिमी उंचीवर. हेडचं वजन त्याच्याखाली, सोलकडं (तळाकडं) आणि मागं असेल तर बॉल सहज उचलला जातो. फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, कमी उंचीचा बघा. ही हेड्स मेणाच्या नमुन्यावरून ओततात, इन्व्हेस्टमेंट कास्टिंग. आपल्याकडं वाळूचं काम जास्त. चांगल्या हेडला पुढं मारेजिंग स्टीलचा पातळ फेस वेल्ड केलेला असतो, आणि त्याची जाडी...

तालमीचा_गोलकीपर:
कोल्हापुरात राहून गोल्फ? शाहू स्टेडियमवर ये की लगा, तिथं हँडिकॅप-बिंडिकॅप काय लागत न्हाई.

सातवाली:
तुमचं दुखणं ब्रँडचं नाही, लॉफ्टचं आहे, म्हणजे फेसच्या तिरकेपणाचं. तीन वुड साधारण १५ डिग्रीचा, शाफ्ट ४३ इंचांच्या आसपास. स्विंग मंद असला की एवढ्या लॉफ्टवर बॉल चढत नाही. मग आपण मनगटानं उचलायला जातो आणि टॉप करतो, म्हणजे बॉलच्या डोक्यावर मारतो. मी दोन वर्षं हेच केलं. एकदा लागोपाठ तीन टॉप झाले, तर कॅडीनं काही न बोलता माझ्या हातातला वुड काढून घेतला आणि सात आयर्न दिला. वर टॉवेलनं वुडचा फेस पुसला, जसं काही दोष त्याचाच होता.

पाच वुड १८ डिग्रीचा, सात वुड २१ चा. शाफ्ट आखूड, त्यामुळं बॉल फेसच्या मधे लागायची शक्यता जास्त. लॉफ्ट जास्त असला की स्लाइसही (उजवीकडं वळणारा फटका) थोडा आवरतो. आपल्यासारख्यांचं अंतर घटत नाही, उलट वाढतं. चार-पाच वर्षं जुनं मॉडेल सेकंड हँड घ्या, शाफ्ट रेग्युलर किंवा सीनियर. बॉल डाव्या टाचेच्या किंचित आत ठेवा आणि झाडू मारल्यासारखा मारा.

टीवर_टीका:
सात वुड म्हणजे बायकांचा आणि पेन्शनरांचा क्लब.

सातवाली:
अमेरिकन गोल्फर डस्टिन जॉन्सननं २०२० ची मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सात वुड होता. त्याला पेन्शन किती मिळते विचारून सांगा.

कागलचा_वारा:
वुडच नको, हायब्रिड घ्या, वुड आणि आयर्नच्या मधला क्लब. रफमधनं (उंच गवतातनं) मस्त निघतो.

पंचगंगेचा_पूर:
ह्यानं रफचं विचारलंय का? फेअरवेवर, कापलेल्या गवतावर, वुडच. हायब्रिड डावीकडं पळतो.

कागलचा_वारा:
तुझा पळत असेल.

उसात_हरवलेला:
भावा, ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून उडी मारू नको. मी नवाकोरा म्हणून ९ हजारांत मागवला, नामांकित कंपनीचा शिक्का होता त्यावर. तिसऱ्या फटक्याला हेड निसटलं आणि बॉलच्या पुढं गेलं, थेट शेजारच्या उसात. बॉल सापडला, हेड नाही. आता ऊसतोड झाल्यावर बघू. नंतर कळलं, माल नकली.

तालमीचा_गोलकीपर:
जाळ अन् धूर संगटच 😂

रंकाळा_राउंड:
माझं ऐका, पाच वुड घ्या. त्याला लॉफ्ट जास्त असतो.

सातवाली:
हो का? बरं झालं सांगितलंत.

रंकाळा_राउंड:
आणि जमलं तर ॲडजस्टेबल. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडं वळतो, उजवीकडं जाणाऱ्याला बरं पडतं.

शेंडापार्ककर:
सगळ्यांचे आभार. काल पुण्यात जाऊन घेतला. सेकंड हँड, साडेअकरा हजार.

तीन वुड. १५ डिग्री.

थांबा, शिव्या नंतर घाला. ताई, तुमचं ऐकून आधी सात वुडच हातात घेतला होता. पाच बॉल मारले, पाचही उंच आणि सरळ. मग सहज म्हणून कोपऱ्यातला तीन वुड उचलला. त्यातला एक असा बसला की दुकानातला पोरगा मोबाइल खाली ठेवून बघायला लागला. तो आवाज अजून कानात आहे.

सातवाली:
एक बसला. मारले किती?

शेंडापार्ककर:
बावीस.

वाळूचा_साचा:
तो आवाज मारेजिंगचा. मी सांगत होतो तेव्हा कुणी पुरतं बोलू दिलं नाही.