वाजणारा तारपा कुठला घ्यावा? शाळेत गाणं बसवायचंय (बजेट २ हजार)

सहावीवाला
ठाण्यातली शाळा, सहावीची ४० मुलं. जव्हार-डहाणूकडची वारली गाणी शेतातून, रानातून कशी येतात ते दाखवून मुलांकडून एक नवं गाणं रचून घ्यायचंय. साथीला तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, हवा. २ हजारांवर एक रुपया नाही.

रानदुधी
पाच हजार धरून चाला. प्रदर्शनातले हातभर तारपे भिंतीला टांगायचे, त्यांत बहुतेकदा जिभ्याच नसतात. खऱ्याला वर सुकवलेला भोपळा, खाली बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बांबूच्याच चिरलेल्या जिभ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. घेताना सांधा गालाजवळ धरून फुंका. फुसफुस जाणवली तर परत ठेवा.

मेणकापड
शोभेचा नकोच. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण मऊ होऊन नळी कलते. पावसाळ्यात जिभी ओल धरते, आवाज बसतो. सूर चढा वाटला तर जिभीच्या टोकाला मोहरीएवढं मेण. जिभी चिकटत असेल तर तिच्याखाली एक केस सरकवा.

काळी_चार
त्यापेक्षा पेटी भाड्याने आणा. तारप्याची पट्टी पेटीशी जुळेलच असं नाही.

रानदुधी
पेटी कोणी विचारली?

कणसरी
मूळ मुद्दा सुटतोय. तारप्यावर नाचतात. चाल बदलली की पावलं बदलतात, शब्दांना तिथे फारशी जागा नाही. शिवाय तो दम न तोडता वाजवायचा, म्हणजे गालातली हवा बाहेर सोडतानाच नाकाने श्वास आत. सहावीतल्या मुलाला एका सत्रात जमणार नाही.

गाणंच हवं तर घांगळी बघा. बांबूची दांडी, दोन भोपळे, तार. कणसरी या धान्याच्या देवीची गाणी तिच्यावर गातात. धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, गाणी मात्र स्टेजसाठी उचलू नका, ती विधीची आहेत.

रचायला सोपी युक्ती सांगते. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. मागच्या ओळीचं शेपूट ते पुढच्या ओळीचं डोकं:

राब भाजला, पाऊस आला
पाऊस आला, नागली पेरली
नागली पेरली, रोपं आली
रोपं आली, आवणी केली

राब म्हणजे रोपांसाठी भाजलेला वाफा, नागली म्हणजे नाचणी. पुढे पाखरं, कणसं, खळं मुलांना भरू द्या.

मेणकापड
शहरातली मुलं आवणी आधी लिहितील, बघा. आधी राबात पेर, तीनेक आठवड्यांनी रोप उपटून आवणी. क्रम चुकला की गाणं पडलं.

काळी_चार
आमच्याकडे त्याला लावणी म्हणतात.

कणसरी
तसं लिहून द्या, चाळीस मुलं कमरेवर हात ठेवून उभी राहतील.

नवा_आलोय
सगळं वाचलं नाही. शोभेचा घेऊ नका, वाजत नाही.

सहावीवाला
सगळ्यांचे आभार. काहीच विकत घेत नाही. गाणं टाळ्यांवर आणि बांबूच्या दोन काठ्यांवर बसवतो. जूनमध्ये शाळेच्या कुंपणाला भोपळा लावतोय, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. वेलावरच वाळवायचा ना?

रानदुधी
वेलावरच, देठ वाळेपर्यंत हात लावू नका. मग आत बिया खुळखुळेपर्यंत सावलीत. बी कडू भोपळ्याचं मिळवा, भाजीच्या संकरित वाणाचं कवच पातळ निघतं. आणि तरीही पाच हजार बाजूला ठेवा.