डायपर काढा म्हणजे काढाच? (एका पोस्टला लांबलेलं उत्तर)

भिजका_कावळा
काल इथे एका सिस्टरबाईंची पोस्ट वाचली. 'डायपर घालून ऑपरेशन थिएटरमध्ये यायचा हट्ट करणारे पेशंट म्हणजे डोक्याला ताप. आम्ही काय सगळं बघितलेलं नसतं? लाज घरी ठेवून या.' खाली टाळ्यांचा पाऊस. दोन ओळी खरडून सोडून देणार होतो, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

वय ६१. चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे प्रोस्टेट काढली. कॅन्सर गेला, सोबत ताबाही गेला. खोकलो, शिंकलो, खुर्चीतून उठलो की गळती. डायपर घालून नोकरी करतो, प्रवास करतो, कुणाला पत्ता लागत नाही. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हणजे डोळ्याचं! तरी 'आतलं सगळं काढा, नियम आहे.' कारण सांगितलं, दोनदा सांगितलं. पाठीमागे नाड्यांनी बांधायचा पातळ गाऊन दिला आणि बाहुली मोठी व्हायचे थेंब घालून पाऊण तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. खोकला आला. पोटरीवरून ऊब उतरत स्लीपरमध्ये गेली. थेंबांमुळे समोरचं धूसर दिसत होतं, पण शेजारच्या बाईंनी पाय वर ओढून घेतलेले तेवढे स्वच्छ दिसले.

लाज घरी ठेवायला मी तयार होतो हो. लघवी घरी ठेवता येत नाही.

रातपाळी_सिस्टर
ती पोस्ट माझीच. तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं, पण नियम आमची हौस म्हणून नसतात. कॉटरी (करंटने कापायचं, रक्त थांबवायचं यंत्र) वापरायची तर पेशंटच्या अंगाला प्लेट चिकटवतात, करंट तिथून परत जातो. प्लेटखाली ओल गेली की ती सुटते आणि कातडी भाजते. स्पिरिटवालं औषध लावलं की किमान तीन मिनिटं वाळू द्यायचं. ते डायपरमध्ये मुरलं आणि वर कॉटरीची ठिणगी पडली तर आग. हे झालं की पहिली नोटीस सिस्टरला, मग तुम्ही पण धागा काढणार 'निष्काळजी स्टाफ' म्हणून.

आईची_नर्स
म्हणूनच सरसकट लघवीची नळी घालता ना? आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला घातली, ते समजू शकते. पण नंतर काढायला कुणी तयार नाही. 'राहू द्या, चादरी बदलायला नकोत.' सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप. त्याआधी एकदा तिने गोंधळलेल्या अवस्थेत नळी अडकवून ठेवणारा फुगा आत फुगलेला असताना ती ओढली होती, ते रक्त मी पुसलंय. आई शुद्धीवर असताना तीन वेळा म्हणाली होती, 'नळी नको, पॅड चालेल.' तिला विचारतंय कोण!

भूलोबा
व्यवसायाने भूल देतो, म्हणून दोन्हीकडून शिव्या खायला येतोय.

नळीबद्दल ताईंचं बरोबर आहे. नळी आत असताना लघवीत जंतू शिरायचं प्रमाण दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के. निव्वळ ताबा नाही म्हणून नळी घालू नका, हे अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००९ मध्येच लिहून ठेवलंय. तासन्‌तास चालणारं ऑपरेशन असेल किंवा लघवी मोजायची असेल तर गोष्ट वेगळी.

सिस्टरांचंही बरोबर आहे, पण पोट, खुबा, मांडीच्या ऑपरेशनला. मोतीबिंदूत कॉटरी लागलीच तर बहुतेक वेळा बायपोलर, म्हणजे करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो. तिला प्लेटच लागत नाही.

भिजका_कावळा
म्हणजे माझा डायपर कुणाच्या आड येत होता?

तिरकस
तुमचा प्रश्न राहू द्या बाजूला, माझं एक दुखणं. हे 'आजोबा, शू झाली का?' बंद करा आधी. मी ५४ वर्षांचा, कॉलेजात शिकवतो. माकडहाड मोडून पडलो तर पोरगी येऊन म्हणते, 'शू शू करून घ्यायची हं आता.'

चष्मिष
+१. माझ्या सासऱ्यांना 'शाब्बास' म्हणाले होते. लघवी झाली म्हणून!

रातपाळी_सिस्टर
मग काय म्हणायचं? 'मूत्रविसर्जन संपन्न झाले का'?

तिरकस
'लघवी'. मराठीत शब्द आहे, फुकट आहे.

झोपाळू
'लघवी झाली का' असं मोठ्याने विचारल्यावर आमचे काका चार दिवस बोलले नव्हते. 'युरिन' म्हटलं की मात्र खूश. ज्याला जे आवडेल ते म्हणा.

चष्मिष
ज्याला जे आवडेल ते कळायला त्याला विचारावं लागतं. तिथेच तर घोडं अडतं.

आईची_नर्स
शब्दांवर एवढं रण? माझ्या आईला कुणी 'शू' म्हणत वेळेवर नळी काढली असती तर मी पेढे… जाऊ दे.

तिरकस
शब्दच महत्त्वाचा आहे ताई. एकदा माणसाला बाळ केलं की बाळाला कोण विचारतं, नळी हवी का पॅड?

रातपाळी_सिस्टर
बस्स. रात्री ३० पेशंट, आम्ही दोघी. एकाला बदलून हात धुतेपर्यंत दुसरा ओला. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं की हमखास बेल. कीबोर्डवर माणुसकी शिकवणाऱ्यांनी एक रात्र येऊन जा. तुमचं कुल्लं पुसताना तुम्ही तोंड भिंतीकडे करता, आम्हाला करता येत नाही.

भिजका_कावळा
मी भिंतीकडे तोंड करतो कारण तुम्ही पडदा ओढत नाही. बाकी, माझं मी बदलतो. मला कुणाचा हात नको होता, माझाच डायपर माझ्या अंगावर हवा होता. यात तुमचं काम वाढलं की वाचलं? त्या खुर्चीखालची फरशी शेवटी मावशींनीच पुसली.

रातपाळी_सिस्टर
…वाचलं असतं. मान्य. मोतीबिंदूला काढायची गरज नव्हती. खूश? 'लाज घरी ठेवून या' हे वाक्यही काढते. पोस्ट काढणार नाही.

भूलोबा
दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे का?

भिजका_कावळा
पुढच्या महिन्यात.

रातपाळी_सिस्टर
मग ऐका. त्या दिवशी दारात वाद घालू नका, दारातल्या बाईच्या हातात काही नसतं. आधीच्या तपासणीला सर्जनला सांगा आणि फाईलवर लिहून घ्या: 'डायपर राहू द्यावा, आत नेण्याआधी बदलायला वेळ द्यावा.' शेवटचा बदल थेंब घालायच्या आधी, कारण नंतर नीट दिसणार नाही. एक सुका डायपर पिशवीत वरच ठेवा. ऑपरेशनच्या वेळी खोकला आला तर आधी बोला, डोकं हलवू नका. कधी डोळ्यातला दाब उतरवायला सलाईनमधून मॅनिटॉल देतात, त्याने लघवी भरमसाट होते. देणार असतील तर जास्त शोषणारा घाला. डायपर नकोच असेल तर कंडोम कॅथेटर विचारा, तो बाहेरूनच बसतो.

भिजका_कावळा
हे कालच्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

रातपाळी_सिस्टर
त्याला वाजल्या नसत्या.

तिरकस
फाईलवर 'शू' नको हेही लिहून घ्या.