व्हिज्युअल फॉक्सप्रोमधली पतसंस्थेची प्रणाली डॉटनेटवर न्यायची आहे, एक्सशार्प वापरलेल्यांचा अनुभव हवा

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं सगळं कामकाज व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेल्या प्रणालीवर चालतं. ठेवी, कर्जं, पिग्मी, शेअर्स, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, सगळं तिच्यातच. ती सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. विंडोज ११ वरही ती चालते, त्यामुळे संचालकांना घाई नाही. मला आहे. ९ च्या पुढची आवृत्ती येणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगितलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये वाढीव सपोर्टही संपला. त्यात डेटा ठेवणाऱ्या एका डीबीएफ फाइलला २ जीबीची मर्यादा. व्यवहारांची फाइल वर्षवार तोडून ठेवावी लागते. कोणी जुन्या खात्याचा उतारा मागितला की चार फोल्डर धुंडाळायचे.

"सगळं नव्याने लिहून घ्या" असं बहुतेक जण सांगतात. मला ते पटत नाही. स्क्रीन आणि रिपोर्ट नवे झाले तर काही बिघडत नाही, पण व्याजाचा भाग वेगळा आहे. मुदतीआधी ठेव मोडली तर दर कोणता, दंडव्याज कोणत्या तारखेपासून, पिग्मी लवकर बंद केली तर काय कापायचं, हे सगळं पोटनियम, मंडळाचे ठराव आणि लेखापरीक्षकांचे शेरे यांतून वर्षानुवर्षं साचत आलेलं आहे. एकत्र असं ते फक्त पीआरजी, म्हणजे प्रोग्रामच्या कोडच्या फाइलींमध्येच सापडतं. ज्यांनी लिहिलं ते निवृत्त झाले. तो कोड टाकून दिला तर संस्थेची स्मृतीच जाईल असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक्सशार्प या प्रोग्रामिंग भाषेकडे वळलो. मुक्तस्रोत आहे, मायक्रोसॉफ्टच्या रोझलिन कंपायलरवर उभारलेलं आहे, आणि त्यात फॉक्सप्रो, व्हिज्युअल ऑब्जेक्ट्स, एक्सबेस++, हार्बर अशा वेगवेगळ्या डायलेक्टमध्ये, म्हणजे जुन्या भाषांच्या धाटणीत, कोड लिहिता येतो. शेवटी सगळं डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मच्याच कोडमध्ये उतरतं. म्हणजे व्याजाच्या पीआरजी फाइली एक्सशार्पमध्ये कंपाइल करून डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणारी कोडची फाइल) करायची, आणि नव्या स्क्रीन सी शार्पमध्ये लिहून तिथून ती बोलवायची. सी शार्प येणारी मुलं आमच्या भागात मिळतात, फॉक्सप्रो येणारी आता मिळत नाहीत. डेटा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये न्यायचा विचार आहे. एसक्यूएल सर्व्हरची फुकट एक्सप्रेस आवृत्तीही पाहिली, पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. पुन्हा मर्यादेतच अडकायचं नाही.

अडचणी अशा. आमच्या कोडमध्ये जागोजागी 'सिलेक्ट… इनटू कर्सर' (निवडलेल्या ओळी तात्पुरत्या तक्त्यात ठेवणारी आज्ञा) थेट लिहिलेलं आहे. ते एक्सशार्पमध्ये कोणी कसं हाताळलं? दुसरं, मॅक्रो, म्हणजे '&' लावलेली नावं, ज्यांतला मजकूर प्रोग्राम चालतानाच कोड म्हणून वापरला जातो; रिपोर्टच्या अटी सगळ्या तशाच बांधल्या आहेत. आणि सगळ्यात मोठी धास्ती सभासदांच्या नावांची. फॉक्सप्रोला युनिकोड नाही, म्हणून नावं जुन्या मराठी फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत भरलेली आहेत. फॉन्ट काढला की नुसती रोमन गिचमिड दिसते. ती युनिकोडमध्ये कोणी खात्रीने आणली आहे का?

प्रतिसाद १

तुमच्यासारखंच काम एका दूध संस्थेसाठी केलं आहे, पण आम्ही हिशेबाचा कोड हाताने सी शार्पमध्ये उतरवला. एक्सशार्पबद्दल म्हणून बोलत नाही, बाकीचं सांगतो.

राउंडिंग आधी बघा. फॉक्सप्रोचं राउंड १२.१२५ चे १२.१३ करतं. सी शार्पमधलं मॅथ.राउंड काही न सांगता वापरलं तर १२.१२ देतं, कारण अर्धा आला की ते सम अंकाकडे झुकतं. 'अवे फ्रॉम झीरो' स्पष्ट सांगावं लागतं. एका खात्यावर पैशाचा फरक, पण तेरीज जुळत नाही. रकमांना डेसिमलच वापरा, डबल नको.

रिकाम्या तारखा नलमध्ये, म्हणजे 'मूल्यच नाही' अशा, न्याव्या लागतात. डिलीट केलेल्या ओळी 'पॅक' आज्ञेने कायमच्या काढेपर्यंत फाइलमध्येच असतात, त्या नव्या डेटाबेसमध्ये येऊ देऊ नका. बंद खाती पुन्हा जिवंत झालेली पाहिली आहेत.

नावांसाठी डीबीएफमधले बाइट जसेच्या तसे वाचा. फाइलच्या हेडरमध्ये कोडपेजची, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर या तक्त्याची, खूण असते. ती ४३७ असेल आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने परस्पर १२५२ मध्ये रूपांतर केलं, तर १२७ च्या वरचे बाइट बदलतात आणि अक्षरं कायमची हातची जातात. मग फॉन्टनुसार तक्ता करा. पहिली वेलांटी अशा फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफार उलट: तिथे अक्षरानंतर, इथे आधी. जोडाक्षर असेल तर वेलांटी अख्ख्या जोडाक्षरानंतर न्यायची. नुसतं शोधा-बदला करून हे होत नाही.

मूळ लेखक

मनापासून आभार. राउंडिंगचं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि व्याज तर आम्ही प्रत्येक खात्यावर राउंड करतो. ३१ मार्चच्या बॅकअपवर आधी फक्त व्याजाची डीएलएल करून जुन्या प्रणालीशी खातेनिहाय ताडून बघतो. एक पैसाही हलला नाही तरच पुढे जायचं.

एक राहिलं. काही नावांत मराठी आडनाव आणि कंसात इंग्रजी टोपणनाव एकाच फील्डमध्ये आहे, आणि बाइट तर दोन्हींचे सारखेच. हे वेगळं कसं ओळखलंत? आणि एक्सशार्पमध्ये मॅक्रो चालवलेलं कोणी असेल तर जरूर लिहा, तिथेच सगळं अडलेलं आहे.